हाक मारण्यापुरतं नाव

"फंदुऽऽई! अरे ए फंदुई!"

हाक आली तेव्हा फान ह्वायचिनचा एक पाय बसच्या पायरीवर होता आणि तो "आलो!" म्हणाला. चांगला मोठ्याने. साठी ओलांडलेला, जन्मभर शाळेत भाषा शिकवलेला, पोरांच्या उच्चारांवरून छडी आपटणारा माणूस. आणि हे 'आलो' निघालं ते थेट नदीकाठच्या गावाच्या हेलात, शेवटचा स्वर धुळीत फरफटवत. मागच्या बाईने त्याच्या पाठीला ढोपर लावलं. "चढताय की उतरताय, आजोबा? एकदा ठरवा तरी." त्याला ठरवता येईना. त्याने पाय मागे घेतला, बाई चढली, दार आपटलं आणि वरच्या तारांना चाटत बस निघून गेली. चिनारांची लव हवेत भरली होती. झंगचौ शहरात वसंतात रोजच असते. ती नाकात जाते, डोळ्यांत जाते, आणि माणूस रडतोय की शिंकतोय हे शेजाऱ्याला कळत नाही. त्याने छातीशी धरलेला थर्मास चाचपला. टॉवेलात गुंडाळलेला, आत बर्फ, बर्फात दुधाची बाटली. सुनेने सकाळपासून दात-ओठ खात काढलेलं दूध. ते शाबूत होतं.

त्याला त्या नावाने हाक मारणारं आता या जगात कोणी नव्हतं. बायकोलासुद्धा ते ठाऊक नव्हतं. फंदुई म्हणजे उकिरडा. शेणाचा, राखेचा, कोंबड्यांनी उकरलेला ढीग. हे त्याचं दूधनाव, म्हणजे घरातलं, पाळण्यातलं. त्याच्या आधी आईला दोन मुलगे झाले होते आणि त्या दोघांना एका शिकलेल्या काकाने दिमाखदार नावं दिली होती. थोरल्याचं थ्यानयौ, म्हणजे आकाश ज्याला सांभाळतं तो. धाकट्याचं युंगन्यान, म्हणजे ज्याची वर्षं सरत नाहीत तो. थ्यानयौ दुष्काळाच्या वर्षी गेला आणि युंगन्यान पुढच्या हिवाळ्यात साध्या खोकल्याने. आई लिहिणं-वाचणं न येणारी बाई, पण तिने या सगळ्यातून आपल्यापुरता एक निष्कर्ष काढला होता आणि तो ती पीठ मळताना अगदी व्यवहाराच्या सुरात सांगायची : "आकाशाला वाचता येत नाही. मरणाला येतं." म्हणून तिसरा झाला तेव्हा तिने त्याला फडक्यात गुंडाळून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारच्या आजीला वळसा घालून यायला सांगितलं. आजी ठरल्याप्रमाणे दारात येऊन ओरडली, "अगं, उकिरड्यावर कुणीतरी हे टाकलंय. हवंय का तुला?" आणि आई म्हणाली, "टाकलेलंच असेल तर आण. ठेवते." तेवढा वेळ तो उकिरड्यावर होता. त्याला हे आठवणं शक्य नव्हतं, तरी आठवत होतं. पाठीखालची ऊब. कुजणाऱ्या गोष्टींना जी एक शांत, जाड ऊब असते ती.

भाजीबाजाराच्या तोंडातून पुन्हा हाक आली. आता त्यात राग होता. "फंदुई! कान फुटले का तुझे?" आणि फान त्या दिशेने चालू लागला. आपल्याला बस पकडायची आहे, दूध पोचवायचं आहे, इस्पितळाच्या खिडकीवर उशीर चालत नाही, हे सगळं त्याला कळत होतं. पण पाय त्याचे नव्हते. ते एका अनवाणी पोराचे होते, ज्याला ठाऊक असतं की दुसऱ्या हाकेपर्यंत थांबलं तर चालतं, तिसरीला मात्र लाटणं येतं.

बाजारात शिरताच कांद्याच्या पातीमागे एक म्हातारी बसली होती. मणक्यात पार वाकलेली. तिच्यासमोर, समोरच्या मटणाच्या सुपाच्या टपरीतून, एप्रन बांधलेला, टक्कल पडलेला, पन्नाशीचा अवाढव्य माणूस हात पुसत बाहेर येत होता आणि दबक्या आवाजात म्हणत होता, "आई, गिऱ्हाइकं बसलीयत आत. पाटीवर केवढं मोठं नाव लिहिलंय माझं. ते घे ना."

"पाटीवरचं नाव पाटीला. मला सुतळी हवीय."

"सुतळीसाठी एवढी बोंब?"

"एका हाकेत आला असतास तर बोंब कशाला मारली असती?" म्हातारीने सुतळी घेतली, आणि मग तिचं लक्ष फानकडे गेलं. तो थर्मास पोटाशी धरून समोर उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. "काय हवं? पात ताजी आहे."

"तुम्ही यांना काय म्हणून हाक मारलीत?"

टकल्याचा चेहरा लाल झाला. "जाऊ द्या हो, साहेब. जुनी माणसं."

"फंदुई म्हटलं," म्हातारी म्हणाली. "याच्या आधीचे राहिले नाहीत. हा राहिला. बघा, केवढा राहिलाय ते. दारातून आडवं जावं लागतं."

फानला हसू आलं. "मीपण," तो म्हणाला. "मी फंदुई. माझंही तेच नाव."

हे वाक्य त्याने कधीच उच्चारलं नव्हतं. लहानपणी ते सांगावं लागत नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि नंतर ते सांगण्याजोगं राहिलं नव्हतं. टकल्याने त्याला खालून वर न्याहाळलं. इस्त्रीचा सदरा, खिशातलं पेन, चष्मा. आणि मग त्याचं भलंमोठं तोंड पसरलं. "तुम्ही? खरंच? आई, हे बघ, शिकलेला उकिरडा! या, या, बसा आत. सूप माझ्याकडून. दोन फंदुई एका बाजारात, म्हणजे काय चेष्टा आहे?"

"नको, नको. दूध पोचवायचंय. नात इस्पितळात आहे. वेळेआधी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय."

"नाव काय?" म्हातारीने विचारलं. सुतळीचा वेढा पातीभोवती घेत, सहज.

"नाव नाही अजून."

"नाव नाही?" तिचे हात थांबले. "मग हाक कशी मारता?"

हाक मारायची वेळच आली नव्हती, काच होती मध्ये, हे तो सांगू शकला असता. पण म्हातारीने जीभ टाळ्याला लावून एक चुकचुक केली आणि पुढची जुडी बांधायला घेतली. तिचं बोलणं संपलं होतं. टकल्या मात्र बसथांब्यापर्यंत सोबत आला आणि बस येताच दाराशी एक हात धरून उभा राहिला, त्यामुळे मागच्या गर्दीला फानच्या आधी चढता आलं नाही.

बसमध्ये जागा मिळाली. थर्मास मांडीवर. मग हाक कशी मारता. ज्या माणसाने सबंध कॉलनीतल्या पोरांना नावं दिली, त्याला हा प्रश्न. संध्याकाळी लोक त्याच्या दारात यायचे, कुणी अंडी घेऊन, कुणी नुसतंच लाजत. मुलगा झालाय मास्तर, काहीतरी सुचवा. आणि तो डोळे मिटून आधी आडनाव तोंडात घोळवायचा. नाव एकटं चालत नाही, आडनावाच्या मागून चालतं, आणि आडनाव कधी कधी पुढे उभं राहून त्याचं वाटोळं करतं. वू आडनावाच्या घरात मुलाचं नाव 'सद्गुण' ठेवायचं होतं. त्याने ते मोडून काढलं, कारण वू हा ध्वनी ऐकणाऱ्याला 'नसलेला' असाही लागतो, आणि पोरगा जन्मभर 'सद्गुण नसलेला' म्हणून हिंडला असता. मग आजा-पणजाच्या नावांतली अक्षरं वर्ज्य. ती तर सोडाच, त्या ध्वनीची दुसरी अक्षरंसुद्धा, कारण नातवाला दटावताना आज्याचं नाव तोंडी येणं यासारखं पाप नाही. मग घराण्याचं पिढीचं अक्षर, जे भावाभावांना सारखंच मिळतं. मग प्रत्येक अक्षराच्या स्वराचे चढउतार, सपाट की चढता की पडता, कारण दोन्ही अक्षरं पडत्या स्वराची असली की नाव पायऱ्यांवरून गडगडल्यासारखं वाटतं. हे सगळं त्याला श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. त्याचं स्वतःचं आडनावच मुळात अवघड. फान म्हणताच लोकांना 'वैताग' ऐकू येतं. शाळेतली कार्टी त्याला वैतागमास्तर म्हणायची आणि त्याला ते कळत नाही असं समजायची.

आणि तरी नातीसाठी त्याने मुलाच्या, शूलिनच्या, लग्नापासून नावं जमवून ठेवली होती. मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं नव्हतं. चालता चालता एखादं अक्षर सापडलं की तो ते मनात टाकायचा. पहाटेच्या दवाचं एक होतं. हिरव्या जेड-रत्नाच्या कडेतून दिसणाऱ्या उजेडाचं एक. मग सुनेला, ल्वान युनला, सातव्या महिन्यातच कळा आल्या, आणि त्याला काचेपलीकडे एक जांभळट, सुरकुतलेलं, नळ्यांनी बांधलेलं काहीतरी दाखवण्यात आलं, आणि त्याने मनातलं एकेक नाव तिच्या अंगावर घालून बघितलं. सगळी मोठी होत होती. बाह्या लोंबत होत्या. गळ्यातून अख्खं मूल निसटून जाईल एवढे मोठे गळे. विहीणबाई ज्योतिषाकडे जाऊन आल्या. मुलीत पाणी कमी आहे म्हणे. त्या आता दिवसभर फोनवर पाण्याची अक्षरं पाठवत होत्या : धुकं, झरा, सरोवर, दुथडी. त्याने एकालाही होकार दिला नाही. "विचार करतोय," म्हणत राहिला. बायको चिडली. "जगाच्या पोरांना नावं वाटत सुटलात, आणि आपल्या घरी दुकान बंद?" तिला काय सांगणार होता? की नाव ठेवलं आणि नंतर काही झालं तर ते नाव उरतं? थ्यानयौ उरला होता. युंगन्यान उरला होता. चेहरे नव्हते, कपडे नव्हते, थडगीसुद्धा पुरात गेली, पण ती दोन सुंदर, अचूक, चुकलेली नावं साठ वर्षं घरात हिंडत होती. बिननावाचं मूल गेलं तर मागे काही राहत नाही. आणि कदाचित जातही नाही. कदाचित यादीत नसलेल्याला कोणी न्यायला येत नाही. इतकी वर्षं खडूने फळा भरून तर्क शिकवणारा माणूस, आणि आत हे बसलेलं.

स्वतःचं दूधनाव गेलं तो दिवस त्याला स्वच्छ आठवत होता. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी त्याला ह्वायचिन हे नाव दिलं, उराशी रत्न बाळगणारा, आणि तो ते घोकत घरी पळत आला होता. आईने ऐकून घेतलं, "बरं आहे," म्हणाली, आणि "फंदुई, आता पाणी आण," म्हणाली. पुढे तो शहरात शिकला, नोकरीला लागला, तरी गावच्या थांब्यावर उतरला की धुळीपलीकडून पहिली हाक तीच. त्याला तिची लाज वाटायची असं नाही. ती आपली असायची, पाठीवरच्या डागासारखी, न दिसणारी. मग त्याच्या लग्नाच्या सकाळी, पाहुण्यांची वर्दळ असताना, आईने त्याला चुलीमागे ओढलं, कॉलर सारखी केली, आणि कधीच न उच्चारलेलं ते शाळेचं नाव चुकतमाकत, जड जिभेने म्हणाली : "ह्वायचिन. जा आता." बस्स. त्यानंतर ती मरेपर्यंत त्याला त्याच नावाने हाक मारत राहिली. तिचा हेतू त्याला कळत होता : तू मोठा झालास, आता तुला लपवायची गरज नाही. पण चुलीमागच्या त्या धुरात त्याला एकदम थंडी वाजली होती. अंगावरची गोधडी कुणीतरी ओढून घ्यावी तशी. बाहेर फटाके फुटत होते आणि तो, नवरा मुलगा, उघडा उभा होता. ती थंडी इतक्या वर्षांत पुरती गेली नव्हती. आज बाजारात ती पहिल्यांदा थोडी मागे सरली होती, एका टकल्या माणसाला 'मीपण' म्हणताना.

इस्पितळाची दूध घेण्याची खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. आतली सिस्टर तरुण होती, मास्कच्या वर नुसते डोळे, आणि ते डोळे आज त्याला दमलेले वाटले. तिने बाटली घेतली, चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर रोजच्यासारखं 'ल्वान युनची मुलगी'.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"वजन वाढलंय थोडं." मग ती थांबली. "सकाळी पुन्हा विसरली."

"विसरली?"

"श्वास घ्यायला. घाबरू नका, आजोबा, या वेळेआधीच्या पोरांचं असतंच तसं. मध्येच विसरतात. यंत्र ओरडतं, मग आम्ही तळपायाला टिचकी मारतो, 'ए' म्हणतो, की घेते परत." तिने टिचकी मारून दाखवली, हवेत, नाजूक. "शेजारच्या पेटीतल्याला आम्ही 'ए मुळा' म्हणतो. त्याच्या आईनेच सांगितलंय. पलीकडे एक 'बुटकी' आहे. तुमचीला काय म्हणायचं? 'ए, ल्वान युनची मुलगी' म्हणेपर्यंत..." ती हसली, आणि मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन बाटली आत ठेवायला वळली.

काचेपाशी त्याला थोडा वेळ उभं राहू दिलं. पेटी तिसऱ्या रांगेत होती. एक पाऊल दिसत होतं, त्याच्या अंगठ्याएवढं, आणि पोट, जे वर येत होतं, खाली जात होतं. तो मोजत नव्हता, पण त्याच्याही नकळत त्याचा श्वास तिच्या बरोबरीने चालू लागला. आणि मग ते पोट थांबलं. काहीच झालं नाही, नुसतं थांबलं. वाचता वाचता माणूस खिडकीबाहेर बघायला लागावा तसं. यंत्र अजून ओरडलं नव्हतं. फानने काचेवर तळहात ठेवला आणि तोंड उघडलं. सगळी भाषा, तिचे चारही स्वर, पहाटेचं दव, जेडचा उजेड, सगळं डोक्यात उभं होतं आणि हाक मारायला एक शब्द नव्हता. आत यंत्र ओरडलं, सिस्टर वळली, तिने गोल भोकातून हात घातला, टिचकी मारली. पोट वर आलं.

तो घरी कसा आला ते त्याला नीटसं आठवत नव्हतं. बहुधा चालत. कारण लव सगळी केसांत भरली होती आणि बायकोने दारातच, "मास्तर, म्हातारपणी बर्फात गेला होतात का?" म्हणून विचारलं. ती गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती. महिन्याची बाळंतीण घरात, म्हणून दिवसातून दोनदा पुसायची. सुनेच्या खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वाऱ्याची झुळूक आत येणं वर्ज्य. ल्वान युन पाठीशी उशा लावून बसली होती. डोक्याला टोपी. ती शहराच्या रेडिओवर वाहतुकीच्या बातम्या सांगायची. कुठे गाड्या तुंबल्या, कुठला पूल टाळा, हे इतक्या उत्साहाने की अडकलेल्यांनाही बरं वाटावं. बाळंत झाल्यापासून तिने कामापुरतेच शब्द वापरले होते. फान दाराशी खुर्ची ओढून बसला. सासऱ्याने बाळंतिणीच्या खोलीत असं बसायची रीत नव्हती. दोघी बघत राहिल्या.

"सकाळी पुन्हा श्वास विसरली," तो म्हणाला. "मी होतो तेव्हाही विसरली. मग घेतला. त्यांना हाक मारायला नाव हवंय."

ल्वान युनच्या ओठांवरचा रंग गेला. "मग द्या ना, बाबा. तुम्हीच देत नाही. मी विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं..." तिने पांघरुणाची कड मुठीत धरली. "मला वाटलं, तुम्हाला ती राहीलसं वाटत नाही."

हे तिला वाटलं होतं. एवढे दिवस, या बंद खोलीत, दूध काढता काढता.

"माझं नाव फंदुई आहे," तो म्हणाला.

बायकोचा हात फरशीवर थांबला. "काय आहे?"

"फंदुई. उकिरडा. दूधनाव." आणि मग त्याने सगळं सांगितलं, भाऊ, फडकं, शेजारची आजी, टाकलेलंच असेल तर आण. सांगताना त्याचा हेल पुन्हा गावाकडचा होत गेला आणि त्याने तो होऊ दिला. "मला ती राहील असं वाटत नाही असं नाही, पोरी. मला ती इतकी राहायला हवीय की मला चांगलं नाव ठेवायची भीती वाटते. मला नावांखेरीज काही येत नाही आणि मला त्यांचीच भीती वाटते."

मग बायको म्हणाली, "जन्म गेला तुमच्यासोबत. इस्त्रीला सुरकुती राहिली तर जेवायचे नाहीत. आणि मुळात उकिरडा!" तिचा आवाज कापत होता, पण कुठल्या बाजूला पडणार ते कळत नव्हतं. "बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. तुमचा साठीला फिटला."

ल्वान युनने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. फान घाबरून उठला. पण ती हसत होती. टाके धरून, डोळ्यांतून पाणी काढत, "दुखतंय, नका ना हसवू, आई गं," म्हणत. हसता हसता तिची नजर सासूच्या हातातल्या त्या काळ्याकुट्ट, पिळलेल्या, घाण पाणी गळणाऱ्या फडक्यावर गेली.

"माबू," ती म्हणाली.

"काय माबू?"

"पोतेरं. तिचं नाव. माबू."

"अगं, काहीतरी काय!" सासूने पोतेरं पाठीमागे लपवलं, जणू त्यालाच आता संकोच वाटेल. "पोरीची जात. उद्या कुणाला सांगायचं हे? तुझी आई तिकडे झरे नि सरोवरं पाठवतेय."

"पाणी हवं होतं ना? यात पाणीच पाणी आहे."

फानने सवयीने ते नाव तोंडात घोळवलं. मा. बू. पहिला स्वर सपाट, दुसरा पडता. ओठ मिटतात, उघडतात, मिटतात. लहान होतं. अंगाला बसत होतं. "कोण नेणार आहे पोतेरं?" तो म्हणाला. "दारात पडलं असलं तरी लोक ओलांडून जातात."

दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीतून बाटली दिली आणि सिस्टरला नाव सांगितलं. ती म्हणाली, "खरंच?" आणि तो म्हणाला, "खरंच. जरा तुच्छतेने म्हणा, म्हणजे बरं." काचेपलीकडे तिने मास्कमधूनच ते म्हटलेलं त्याला दिसलं. ऐकू आलं नाही. पाऊल आखडलं, पसरलं. नावाने काही झालं असा दावा त्याने कधी केला नाही. औषधं होती, डॉक्टर होते, दूध होतं, आणि पोरं वाढतात. माबू आणखी काही वेळा विसरली, मग कमी वेळा, मग एका आठवड्यात यंत्र ओरडलंच नाही. पण तो रोज काचेशी उभा राहून हाक मारायचा, काचेवर वाफ यायची, आणि शेजारी उभे असलेले 'मुळा'चे वडील एकदा म्हणाले, "तुमचं पोतेरं आज फार टवटवीत दिसतंय," तेव्हा त्याने घाईघाईने, "छे, छे, कसलं काय," म्हटलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना त्याने शिट्टी वाजवली. कॉलनीच्या फाटकापाशी माजी विद्यार्थी भेटेपर्यंत.

कागदावरचं नाव एका दुपारी ल्वान युननेच काढलं. पिढीचं अक्षर होतं युआन, म्हणजे दूर. घराण्यात ते मुलींना मिळत नसे, पण तिने विचारलं, "का नाही?" आणि त्याने ते अक्षर तिला देऊन टाकलं. त्यापुढे तिने लावलं 'मान', म्हणजे सावकाश. "घाई करून आली. आता पुढचं सगळं सावकाश." सावकाश हे काही नावात घालायचं अक्षर नव्हे, कॉलनीत कुणी असं आणलं असतं तर त्याने परत पाठवलं असतं. पण त्याने आडनाव पुढे लावून म्हणून बघितलं. फान युआनमान. आणि पहिल्यांदाच ते अवघड आडनाव कामाला आलेलं त्याला दिसलं. ऐकणाऱ्याच्या कानाला लागत होतं : वैताग दूर, आणि आला तरी सावकाश. त्याने एकही सुधारणा सुचवली नाही. शूलिन आईला म्हणाला, "बाबांना बरं नाही का?"

सोडायचा दिवस उन्हाचा होता. लव संपली होती. शूलिन आत इस्पितळाचं काही उरकत थांबला. ल्वान युन टोपी, मफलर, दोन कोट अशी टॅक्सीत बसली, आणि तिने गुंडाळी सासऱ्याच्या हातात दिली. फान मागच्या सीटवर ताठ बसला. वजन जवळजवळ नव्हतंच, पण उष्णता होती. गुंडाळीच्या टोकाला चेहरा. जांभळेपणा गेला होता. गाल आले होते. भुवया होत्या, एका फटकाऱ्यात काढलेल्या, चांगल्या हाताने. तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे, किंवा त्याच्या चष्म्यावरच्या उन्हाकडे, बघितलं. एवढं देखणं मूल त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं.

"नातू का नात?" टॅक्सीवाल्याने गियर टाकत विचारलं. ऐसपैस माणूस, मानेवर घडी, बोलण्यात नदीकाठचा हेल.

"नात."

"वा! नाव काय?"

ल्वान युनने सासऱ्याकडे बघितलं. फानने घसा साफ केला.

"पोतेरं," तो म्हणाला. "माबू."

वरच्या आरशात टॅक्सीवाल्याचे डोळे आले, गुंडाळीकडे वळणार तोच तिथून निघून रस्त्यावर गेले, आणि मग त्याने आरसाच बोटाने वर ढकलून छताकडे वळवला.

"दिसायला कशी आहे?"

"काही नाही," फान म्हणाला. डोळ्यांपुढे तिचा चेहरा पाझरत होता. "बघण्यासारखं काहीच नाही."

"तेच म्हटलं," टॅक्सीवाला मोठ्याने, खिडकीबाहेर सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "अगदीच कसंतरी ध्यान आहे!" आणि एकदाही मागे न बघता त्याने गाडी हळूहळू, खड्डे चुकवत पुढे काढली.